कुजेल असा बंद

४ जून

सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला आणि मी सवयीने चपला शोधायला लागले. मग आठवलं, यंदाचा गळीत हंगाम माझ्याशिवाय सुरू झालाय. लाबासाच्या साखर कारखान्यातल्या प्रयोगशाळेत उमेदवारीपासून उसाचा रस तपासत आले. एप्रिलमध्ये पंचावन्न पूर्ण झाली, त्यांनी हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. ते घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं.

ब्रिस्बेनहून नवनीलचा फोन. तेच पालुपद. "आई, पप्पा गेले, नोकरी संपली, आता तिथे काय ठेवलंय? घर विक आणि ये." मी म्हटलं, ठेवलंय ना, मागच्या शेडमध्ये टाकी ठेवलीय. तो हसला. अगदी बापासारखा हसतो, म्हणून सोडून दिलं.

पण शेवटी दोघांनीही एकमेकांना शब्द दिला. हा हंगाम संपेपर्यंत समुद्राकाठच्या वातुलेवा गावच्या बायकांनी त्यांच्या समुद्रशेवाळाच्या लागवडीत तुरे बांधायला माझ्या टाकीतल्या प्लास्टिकचे बंद घेतले, तर मी इथेच राहणार आणि तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही घेतले, तर टाकी भंगारात आणि मी विमानात. लिहून ठेवलं की मागे फिरायला जरा लाज वाटते. म्हणून आजपासून रोजनिशी.

९ जून

टाकीतल्या मंडळींचं आज जेवण. ही मंडळी म्हणजे उसाच्या मळ्यातल्या मातीतले जंतू. आधी त्यांना सगळं वाढते: कारखान्यातली मळी, खत, क्षार, पंपाने हवा. भराभर वाढतात. मग खत बंद करायचं आणि नुसतं गोड वाढत राहायचं. लग्नघरात डाळभात संपला आणि जिलब्या तेवढ्या उरल्या तर पाहुण्यांचं जे होईल तेच यांचं होतं. अंगाने वाढता येत नाही, मग त्या साखरेची चरबी करून पोटात साठवतात. ती चरबी म्हणजेच प्लास्टिक. ब्लीच घालून बाकी सगळं धुऊन काढलं की पांढरी भुकटी उरते. ती माझ्या तापत्या सोऱ्यातून वितळवून फीत काढायची. आणि ही फीत समुद्रात टाकली की तिथले जंतू तिला पुन्हा खाऊन टाकतात. जंतूंनी केलेलं जंतूंच्या पोटात.

दुपारी जरा डोळा लागला आणि टाकीला फेस आला. शेडमधून अंगणात, अंगणातून कुंपणाखालून शेजारणीच्या कोबीत. ती म्हणाली, "दीदी, कपडे धुताय की गाव धुताय?" मी म्हटलं, गाव. आता रात्रीपर्यंत अंगण धुणं आलं.

२० जून

पहिले बंद घेऊन वातुलेवाला गेले. चुन्यासारखे पांढरे, सरळ, दिसायला देखणे. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते.

समुद्राकाठच्या छपराखाली बायका चटईवर बसून दोरीला शेवाळाचे तुरे बांधत होत्या. एकेका तुऱ्याला एकेक बंद, दोरीभर शेकडो. सध्या वापरतात ते बाजारातल्या प्लास्टिकच्या सुतळीचे. सेरेआना मध्ये बसली होती. ती या बायकांची पुढारी आणि माझी नणंद. रक्ताची नव्हे. माझे यजमान लॉरी घेऊन खोबरं न्यायला इथे यायचे, तेव्हा तिच्या थोरल्या भावाने त्यांना भाऊ मानलं. तेवढ्यावर मी या गावाची सून झाले. इथल्या रीतीने नणंद-भावजयींनी एकमेकींना वाटेल ते बोलावं आणि कुणी मनाला लावून घेऊ नये. जी लावून घेईल तिचंच चुकलं.

सेरेआनाने माझा बंद घेतला, तुऱ्याभोवती फिरवला, गाठ ओढली. कट् करून तुटला. दुसरा घेतला. तोही.

"वहिनी, हे अगदी तुझ्यासारखेच झालेत गं. जरा वाकवायला गेलं की मोडतात."

"वन्सं, तुझ्यासारखे झाले असते तर दोरीच बुडाली असती," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. सर्वांत जास्त तीच. मग म्हणाली, "खरं सांगू का? मला कुजकीच दोरी हवी. पीक येईस्तोवर धरेल, आणि नंतर खुशाल कुजून जाईल. आज्या-पणज्या वाउच्या झाडाच्या सालीने सगळं बांधायच्या. ती साल पाण्यात पंधरवड्यात सोडते, हीच तिची खोड."

कुजकी दोरी हवी म्हणे! थट्टेलाही काही सीमा असावी. मी इतकी वर्षं प्रयोगशाळेत घालवली ती कुजकी दोरी करायला? लावून घ्यायचं नाही अशी रीत आहे, म्हणून लावून घेतलं नाही. पण येताना बसमध्ये दात-ओठ खात होते.

२७ जून

बंद मोडतो, कारण मंडळींना नुसती साखर मिळते. साखरेच्या जोडीला वेगळं काही मिळालं तर चरबीही वेगळी होते, मऊ. हे पूर्वी वाचलेलं होतं. ते वेगळं काही म्हणजे पावाला बुरशी लागू नये म्हणून बेकरीवाले टाकतात ती पांढरी भुकटी.

रऊफभाईंच्या बेकरीत गेले. "किती पाव, दीदी?" म्हणाले. पाव नको, भुकटी द्या म्हटल्यावर डोळे मोठे केले. "नवी बेकरी टाकताय का? मला आधी सांगा, म्हणजे मी हजला जातो."

"तुमच्या पावाची बुरशी जिला घाबरते, ती माझ्या मंडळींना खाऊ घालायचीय."

"या अल्ला," म्हणाले, पण पिशवी भरून दिली.

५ जुलै

जमलं! बंद वाकतो. गाठ बसते. बोटाभोवती गुंडाळून ओढला, दाताने ओढला, कपडे वाळत घालायच्या दोरीला पाण्याची बादली बांधून टांगली. धरतो. पण ठेवून दिला तर दिवसागणिक कडक होत जातो, म्हणून ताजाच वापरायचा. चालेल. आपण कुठे शिळं वाढतो?

८ जुलै

आज लागवड. आधी गावप्रमुख रातू इनोकेंच्या घरी रीतीचा नजराणा, यांगोनाच्या मुळ्यांची जुडी, ठेवून रीतसर परवानगी मागितली. समुद्र गावाचा आणि गाव रातूंचं, त्यांच्या शब्दाशिवाय पाण्यात खुंटीसुद्धा रोवता येत नाही. फार थकलेत. मधुमेहाने एक पाय गेलाय. उशीला टेकून बसले होते. त्यांचा धाकटा भाऊ पेनी शेजारी बसून त्यांच्या वतीने बोलत होता, पण मधेच स्वतःच म्हणाले, "तुझे ते जंतू खातात काय?"

"मळी. गोड."

"म्हणजे आमच्यातलेच," म्हणाले आणि स्वतःच्या पायाकडे बघून हसले. मग म्हणाले, "घाल पाण्यात. समुद्राला जे पचत नाही ते तो किनाऱ्यावर आणून टाकतो. बघू तुझ्या बंदांचं काय करतो."

किनारा म्हणजे खरंच उकिरडा झालाय. भरतीच्या रेषेवर जुन्या बंदांचे निळे-हिरवे गुंतवळे, पोरं त्यात पाय अडकून पडतात. बायका तिकडे बघतसुद्धा नाहीत. सवय झाली असेल.

पाच दोऱ्या माझ्या बंदांच्या, बाकी सगळ्या त्यांच्या जुन्या. पीक निघेपर्यंत माझे टिकले, तर ठरलं. पाण्यात कमरेएवढं उभं राहून दोऱ्या खुंट्यांना बांधल्या. सेरेआना म्हणाली, "वहिनी, तू पाण्यात उतरलीस, आता मासे पळाले." मी इतकी खुशीत होते की तिच्या अंगावर पाणीच उडवलं.

३१ जुलै

पाहून आले. सगळे बंद जागच्या जागी. शेवाळ दुप्पट. बंदांवर बुळबुळीत थर आलाय, तो पुसून पाहिला तर खाली पृष्ठभाग किंचित खडबडीत लागला. याचा अर्थ खाणाऱ्यांनी पान मांडलंय. खा, पण हळू खा बाबांनो.

१२ ऑगस्ट

पीक भरलं. पुढच्या मंगळवारी काढणी. बंद बारीक झालेत, पण धरून आहेत. एकही तुरा सुटलेला नाही! सेरेआना म्हणाली, "मंगळवारी येताना रोट्या आण. आणि मऊ आण, तुझ्या पहिल्या बंदांसारख्या नको."

नवनीलला सांगितलं. "बघू," म्हणाला. त्याच्या "बघू"ला मी भीक घालत नाही.

१६ ऑगस्ट

काल रात्री रातू इनोके गेले.

बातमी बसवाल्याने आणली. वाईट वाटलं. पायाकडे बघून हसणारा माणूस. दुपारी मात्र दुसरी गोष्ट लक्षात आली. रातू गेले की समुद्र बंद. खाडीच्या तोंडाशी काठीला कापड बांधतात, आणि शंभर रात्री त्या पाण्यात कुणी उतरायचं नाही. मासे नाहीत, खेकडे नाहीत, शेवाळ नाही.

माझे बंद जेमतेम मंगळवारपर्यंतचे आहेत. शंभर रात्रींनंतर त्या दोऱ्यांवर काय राहणार? टिकले होते हे कोण सांगणार, आणि कोण ऐकणार? चार दिवस थांबले असते रातू. असं लिहू नये, पण लिहिलं.

१८ ऑगस्ट

हात दाखवून अवलक्षण करून आले.

शोकाला गेले. चटई नेली, जुडी नेली, काळी साडी नेसले. सगळं रीतीने झालं. बायकांत बसले, रडलेसुद्धा, आणि ते खोटं नव्हतं. मग पेनी समोर येऊन बसला आणि माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे. म्हटलं, "पेनीभाऊ, फक्त एक होडी द्या. तासाभराचं काम. पाच दोऱ्यांचं पीक तेवढं काढून आणते. नाहीतर सगळं वाया जाईल."

बायकांनी माना खाली घातल्या. पेनी रागावला नाही. म्हणाला, "दीदी, समुद्र आता रातूंचा आहे. शंभर रात्रींनी आमचा होईल."

सेरेआना मला बसपर्यंत सोडायला आली. मी वाट बघत होते, आता काहीतरी लागेलसं बोलेल, कानउघाडणी करेल, मग मी उत्तर देईन आणि मिटेल. बस आल्यावर ती म्हणाली, "आपण दमला असाल, धनमतीबाई. सांभाळून जा."

आपण. धनमतीबाई. आजवर तिने मला वाळक्या लाकडापासून बुजगावण्यापर्यंत काय काय म्हटलंय, पण असं लागलं नव्हतं.

२ सप्टेंबर

किती दिवस अंथरूण धरून बसणार? उठले. टाकी धुतली.

घरी बादलीत समुद्राचं पाणी आणि तळची थोडी वाळू घालून त्यात बंद ठेवले होते. आज उचलले तर हातात तुकडे आले. म्हणजे तिकडेही सुटलेच. शेवाळ तळाला जाऊन माशांच्या पोटात. एवढ्या महिन्यांची मेहनत शून्य.

पण एक गोष्ट आता उघड आहे. माझा बंद कमी पडला तो टिकण्यात. गावात माणसं मरणार, समुद्र बंद होणार, वादळं येणार, काढणी लांबणार. बंदाने वाट बघायला हवी. समुद्र उघडेल त्या दिवशी मी असे बंद घेऊन जाईन की वर्षभर हलणार नाहीत. मग बघू आपण कोण आणि धनमतीबाई कोण.

१९ सप्टेंबर

जाड करून पाहिला. गाठ बसत नाही. बेकरीची भुकटी वाढवली, मऊ झाला पण टिकण्याचं काही खरं नाही. रऊफभाई म्हणतात, त्यांचा बुरशी रोखायचा माल सगळा माझ्याकडे येतो आणि बुरशी त्यांच्याकडे.

७ ऑक्टोबर

सापडलं. अगदी सोपं होतं.

वातुलेवाच्या किनाऱ्यावरून मागे आणलेला जुन्या निळ्या बंदांचा गुंतवळा शेडमध्ये पडला होता. तो धुऊन, कातरून, माझ्या भुकटीत मिसळून सोऱ्यातून काढला. तिसरा हिस्सा तो, दोन हिस्से माझे. तेल-पाण्यासारखं आहे, नीट एकजीव होत नाही, पण फीत निघाली. फिकट निळी, वळणारी, चिवट. बादलीत ठेवली आहे.

माझा भाग कुजेल, उरलेला राहील. आधीचा कचरा तिसऱ्या हिश्श्यावर आला, हे काही कमी नाही. शिवाय वाया गेलेलंच वापरलं. शिवाय त्यांना हवं तेच दिलं. तीन कारणं झाली, पुरेत.

नवनील खूष. "झकास, आई. हे आधीच करायचं होतंस. दुकानातल्यासारखं वाटतंय." त्याला पटलं म्हणजे खरंच चांगलं झालं असणार.

१ नोव्हेंबर

काल दिवाळी. दरवर्षी सेरेआना सकाळीच यायची, गुलाबजाम खाता खाता नावं ठेवायची आणि उरलेले बांधून न्यायची. यंदा शोक आहे, येणार नव्हतीच. तरी मी तिच्या वाटणीचे काढून ठेवले होते.

संध्याकाळी बसवाल्याने नारळाच्या झावळीची ताजी विणलेली टोपली आणून दिली. आत अळकुड्या आणि वर एक लिंबू. निरोप? "काही नाही म्हणाली. फक्त दे म्हणाली." बारीक घट्ट वीण आहे, ही तिचीच. समजले. हिशेब मिटवलाय, माझं काही ठेवून घ्यायचं नाहीये तिला. गुलाबजाम बसवाल्याबरोबर पाठवले, मीही काही निरोप दिला नाही. टोपली मात्र छान आहे. नवे बंद तिच्यातच भरते.

१४ नोव्हेंबर

बादलीतला निळा बंद आज उचलला. जसाच्या तसा! ओढला, पीळ दिला, दातात धरला. काही झालं नाही त्याला. टोपली अर्धी भरली. बोटं भाजली आहेत, पण समुद्र उघडेपर्यंत काठोकाठ भरणार म्हणजे भरणार.

२१ नोव्हेंबर

बसवाल्याने हॉर्न वाजवून बोलावलं. "तुमची नणंद म्हणते, शनिवारी समुद्र उघडतोय. वहिनीला सांग, आली नाही तर येऊन तिच्या टाकीत मीठ टाकीन."

वहिनी म्हणाली! दोनदा विचारलं त्याला, नक्की वहिनीच म्हणाली ना? तो वैतागला, बसमध्ये माणसं खोळंबली होती. मी कुंपणाला धरून उभ्याउभ्या रडले. शेजारीण कोबीतून बघत होती, बघू दे.

२३ नोव्हेंबर

आधी माफी. जुडी पेनीसमोर ठेवली आणि खाली बघून बसले. म्हणायचं ते पाठ केलं होतं, पण "मी पिकाचा विचार केला, माणसाचा केला नाही" एवढंच जमलं. पेनीने टाळ्या वाजवून जुडी घेतली, म्हणजे संपलं. पुन्हा कुणी काढायचं नाही.

मग काठीवरचं कापड उतरवलं आणि गाव पाण्यात उतरलं. इतके मासे मी या खाडीत कधी पाहिले नव्हते. रातूंच्या नावाने जेवण झालं. पीक गेल्याबद्दल एकाही बाईने चकार शब्द काढला नाही. मीच हळहळले, तर म्हातारी अकानिसी म्हणाली, "रातूंच्या सोबत गेलं, सूनबाई. त्यांना काहीतरी न्यायला नको का?"

उद्या रविवार, चर्च. सोमवारी दोऱ्या बघायच्या. टोपली सेरेआनाच्या घरात ठेवलीय, वर फडकं झाकून. मधेच दोनदा जाऊन बघून आले.

२५ नोव्हेंबर

सगळं लिहिते, कारण झोप येणार नाही.

ओहोटीला उतरलो. बायकांच्या हातात सुऱ्या होत्या. मला वाटलं खेकड्यांसाठी. त्या जुन्या दोऱ्यांपाशी गेल्या. शेवाळाचा मागमूस नाही, पण दोऱ्या गच्च भरलेल्या: निळे, हिरवे, लाल बंद, जसे बांधले तसे, रिकाम्या गाठी मारून बसलेले. एकेक कापायचा, मुठीत धरायचा, सुटला की पाण्याबरोबर गेला. एक दोरी साफ करायला दोघींना ओहोटी पुरत नाही. अकानिसीच्या बोटांना जुने पांढरे व्रण आहेत. मी समजत होते ते मासळी कापल्याचे.

माझ्या दोऱ्या पलीकडे होत्या. पाचही नागव्या. एक बंद नाही, एक गाठ नाही, दोरी नवी काढून ठेवावी तशी. ठाऊक होतं, तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधलं.

"सगळं गेलं गं," मी म्हटलं.

"कुठे गेलं?" सेरेआनाने विचारलं.

"कुठे म्हणजे? समुद्राने खाल्लं."

"सगळं?"

"दिसतंय ना. काही ठेवलं नाही."

"मग रडतेस काय, वेडे? पाहुण्याने ताट चाटूनपुसून ठेवलं तर वाढणारी रडते का?" आणि मागे वळून बायकांना ओरडून म्हणाली, "अगं, या वहिनीच्या दोऱ्यांवर आम्हाला कामच नाही ठेवलं हिने! आम्ही बसून काय करायचं?"

सगळ्या येऊन हात लावून बघायला लागल्या. नुसत्या दोरीवरून हात फिरवत होत्या, पुन्हा पुन्हा. अकानिसीने डोळे मिटून फिरवला. "काही लागत नाही," म्हणाली. मग म्हणाली, "रातूंनी विचारलं होतं, समुद्र काय करतो बघू. किनाऱ्यावर काही आलं नाही."

काढणीच्या आधीच्या आठवड्यापर्यंत एक तुरा सुटला नव्हता, हे त्यांनी पाहिलेलं होतंच. त्यांना त्याचं वेगळं प्रमाणपत्र नको होतं. मलाच हवं होतं.

"उन्हाळा सरून एप्रिलात पाणी निवलं की पुढची सगळी लागवड तुझ्या बंदांवर," सेरेआना म्हणाली. "घरी ती टोपली आणलीयस ना, फडक्याखाली? तीच का ती? दाखव तरी."

तेव्हा मला फडक्याखालचे निळे बंद आठवले.

घरी आलो. तिने फडकं काढलं, एक निळा बंद उचलला. ओढला. पीळ दिला. दातात धरला. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. बायका भोवती उभ्या होत्या, अंगावरून पाणी निथळत होतं.

"हा कुजेल?"

होय म्हणता आलं असतं. दोन हिस्से तर कुजणारच होते. प्रयोगशाळेत असतं तसं उत्तर देता आलं असतं, अर्धं खरं.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"यात तुमचे जुने बंद मिसळलेत. तिसरा हिस्सा. टिकाऊ व्हावेत म्हणून. तुम्हाला टिकाऊ हवेत असं वाटलं."

"कुणी सांगितलं टिकाऊ हवेत म्हणून?"

"कुणीच नाही."

"मी काय सांगितलं होतं? पहिल्याच दिवशी?"

"कुजकी दोरी हवी," मी म्हटलं. "पण मला वाटलं तू थट्टा करतेयस."

"थट्टाच करत होते. वहिनीशी मी दुसरं काय करणार? पण थट्टा केली म्हणजे खोटं बोलले का?"

इतकी वर्षं या नात्यात आहे आणि एवढं कळलं नव्हतं. ती मला जे काही खरं सांगते ते सगळं थट्टेतच सांगत आली असणार. आता मागचं एकेक आठवून बघायला हवं. आणि हिशेब मिटवायला पाठवलेल्या टोपलीत अळकुड्यांनी घसा खाजू नये म्हणून कुणी वर लिंबू ठेवत नाही, हेही आत्ता लिहिताना सुचतंय.

तिने बंद परत टोपलीत टाकला आणि टोपली माझ्या हातात दिली. "हे तुझं तुझ्या घरी ने. आणि पुढच्या वेळी बिनधास्त कुजकं आण."

"मी स्वतःच कुजत चाललेय, वन्सं, काळजी नको," मी म्हटलं.

"तू? तू तर अजून वर्षभर वाकायची नाहीस," ती म्हणाली. मग हसली, आणि मी आणलेल्या रोट्या मऊ नव्हत्या म्हणून मला बोल लावला.

३० नोव्हेंबर

आज कारखान्याचा शेवटचा भोंगा. नवनीलला फोन केला. "घेतले," म्हटलं. "ते निळे?" म्हणाला. नाही, म्हटलं, पहिले. "पण ते तर गेले ना, आई?" हो, गेले. त्याला समजावत बसले नाही. एप्रिलमध्ये ये आणि पाण्यात उतरून हात लावून बघ म्हटलं. "बघू," म्हणाला. यावेळच्या "बघू"त जरा जीव होता.

टाकी उकळत्या पाण्याने धुऊन घेतली. उद्या मंडळींना नवीन जेवण. रऊफभाईंना भुकटीचं सांगून ठेवलंय.

निळ्या बंदांचं काय करावं समजत नाही. जाळले तर धूर शेजारणीच्या घरात, पुरले तर मातीत तसेच, ओढ्यात तर मुळीच नाही. म्हणून शेडच्या फळीवर ठेवलेत, टाकीच्या बरोबर समोर, रोज दिसतील असे. सेरेआनाने विणलेली टोपली सुकून तपकिरी झालीय, एका बाजूने उसवायलाही लागली. पावसाळ्यात ती जाईल. बंद नवे कोरे आहेत.